सारवणाची ओल आणि नाताळचं कार्ड : जलरंगात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर चौदा शुभेच्छापत्रं वाळत ठेवून झोपले. सकाळी पाहते तर चौदाच्या चौदा पापडासारखी वळलेली. रंग फिके, मधे मधे तपकिरी डाग, आणि जिथं ब्रश चार वेळा फिरला होता तिथं कागदाच्या गोळ्या निघालेल्या. आईनं एक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "तळायचे आहेत का?"

आम्ही नागपुरात सदरला राहतो. समोरच्या घरातून दर पंचवीस डिसेंबरला केक, करंज्या, शंकरपाळे असं ताट येतं, दिवाळीला आमच्याकडून जातं. त्या ताटाच्या परतफेडीला हातानं केलेलं काहीतरी द्यावं, एवढीच मूळ इच्छा होती. त्या वर्षी शेवटी दुकानातलंच कार्ड दिलं. नंतरच्या तीन नाताळांत जे चुकत चुकत कळलं ते इथं लिहिते आहे. चित्रकला शाळेत सुटली ती सुटलीच, असं म्हणणाऱ्यांसाठीच हे आहे, कारण मीही त्यांतलीच.

ज्याला लूज वॉटरकलर म्हणतात त्यात पानाची शीर न् शीर रेखायची नसते. ओल्या कागदावर रंग सोडायचा, तो आपल्या पायांनी थोडा चालू द्यायचा, आणि बघणाऱ्याला ओळख पटली की हात काढून घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ थंड, दमट देशांतल्या माणसांचे असतात. व्हिडिओतला माणूस सांगतो, "आता पाच मिनिटं थांबा." नागपुरात डिसेंबरच्या दुपारी पाच मिनिटांत कागद खडखडीत वाळून आपल्याकडे बघत असतो. तेव्हा मिनिटं विसरा. कशाकडे बघायचं ते चौथ्या पायरीत सांगितलं आहे, आणि बाकी काही वाचलं नाही तरी ती पायरी वाचा.

१. तारखेपासून उलटं मोजा

पहिल्या वर्षी वीस कार्डांच्या वर जाऊ नका. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सामान आणा, दोन संध्याकाळी नुसता सराव करा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगवा. बाहेरगावची कार्डं दहा-बारा तारखेपर्यंत पोस्टात पडली पाहिजेत. परदेशातली पाठवायची असतील तर सामान त्याआधीच आणून ती नोव्हेंबरातच करून मोकळं व्हा. शेजारपाजारची तेवीस-चोवीसला हातोहात.

२. सामान

- जलरंगाचा कागद, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस्ड, ए-४ आकाराचे नऊ ताव (एक सरावाचा)
- कार्डाच्या बुडासाठी साधा जाड कार्डशीट, २२० ते २५० जीएसएम
- ट्यूबमधले जलरंग : अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना, क्रिमसन, एक पिवळा, एक नारिंगी
- पांढऱ्या पोस्टर कलरची छोटी बाटली
- गोल ब्रश ८ नंबर आणि २ नंबर, शिवाय एक इंचाचा चपटा ब्रश
- मास्किंग टेप, स्टीलची पट्टी, कटर
- खडे मीठ, पांढरी मेणबत्ती, टाकून द्यायचा टूथब्रश
- पाण्याचे दोन डबे, चिनी मातीची पांढरी बशी, जुनी सुती बनियन

रंग विद्यार्थ्यांचे असले तरी चालतात. कॅमलचे रंग बहुतेकांच्या घरी असतातच. ही कंपनी दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केली, आणि आपल्यापैकी निम्म्यांचा पहिला रंग त्यांच्याच डबीतला असतो. वड्यांच्या डबीपेक्षा ट्यूब घ्या म्हणते, कारण सैल हाताच्या कामाला रंगाचा भरपूर ओला लपका लागतो आणि वडी घासून घासून तेवढा निघत नाही. बशी चिनी मातीचीच घ्या. नव्या प्लास्टिकच्या पॅलेटवर रंगाचे मणी होतात आणि नेमका रंग केवढा गडद आहे ते कळत नाही.

दोन डबे कशाला, तर एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं पाणी रंगाला घ्यायचं. घरी बोअरिंगचं जड पाणी येत असेल तर दुसऱ्या डब्यात प्यायचं पाणी भरा.

आता कागद. सगळी कंजुषी दुसरीकडे करा, इथं नको. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा कागद या ३०० च्या निम्म्या वजनाचा किंवा त्याहून हलका असतो. पाणी पडलं की धागे फुगतात, आणि पाणी जिथं पडलं तिथंच फुगतात, म्हणून पातळ कागदाला पोक येतं. माझे पापड झाले ते यामुळेच. कोल्ड प्रेस्ड म्हणजे दाणेदार पृष्ठभागाचा. हॉट प्रेस्ड गुळगुळीत असतो, त्यावर रंग घसरतो. तो सध्या लांब ठेवा.

कागदात कापूस किती आहे हेही पाकिटावर लिहिलेलं असतं. पंचवीस टक्केवाला सरावाला आणि कार्डालाही पुरतो. शंभर टक्के कापसाचा फार सुंदर चालतो, पण भाव ऐकून हात मागे येतो. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात बसून कापसाचा कागद परवडत नाही म्हणून हळहळायचं, ही आपली एक गंमत.

बर्डीतल्या एका दुकानात मला "वॉटरकलरचाच आहे" म्हणून पांढराशुभ्र, चकचकीत कागद दिला गेला. मी शंका काढली तर उत्तर आलं, "चालते ना ताई, काहीच होत नाही." खरंच काही झालं नाही, रंग कागदात शिरलाच नाही, वर तळं करून बसला. तो लग्नपत्रिकांचा आयव्हरी कार्ड होता. तेव्हापासून मी एक तुकडा मागते आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवते. थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा थोडा वेळ बसला आणि मग हळूहळू आत गेला तर कागदाला खळ नीट लागली आहे. टेकताक्षणी पसरून गेला तर तो टीपकागद समजा. कागदवाल्यांच्या भाषेत या खळीला सायझिंग म्हणतात, आणि ओल किती वेळ टिकणार हे तीच ठरवते. हातकागदाचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून कागद करते आहे आणि असे कागद दिसायला देखणेच असतात, पण पत्रिकांसाठी केलेल्या हातकागदावर थेंबाची परीक्षा केल्याशिवाय रंगवायला बसू नका. परीक्षेत नापास झाला तर त्याचं पाकीट करा, शोभून दिसतं.

साध्या कार्डशीटसाठी नागपुरात इतवारी-गांधीबागेकडच्या कागदवाल्यांकडे जा. कोरी पाकिटं लग्नपत्रिकांच्या दुकानात मिळतात. कार्ड कापायच्या आधी पाकीट आणा, हे लिहून ठेवा. मी उलटं केलं होतं, मग वीस पाकिटं घरी चिकटवत बसले.

३. चित्र वेगळं, कार्ड वेगळं

दुमडलेल्या कार्डावर थेट रंगवू नका. एक चूक झाली की अख्खं कार्ड जातं, आणि चूक होणार या भीतीनं हात आखडतो. हात आखडला की लूज वॉटरकलर संपलं. म्हणून जलरंगाच्या कागदाचे ९ × १३ सेंटिमीटरचे तुकडे करा. ए-४ च्या एका तावातून चार निघतात. आठ तावांचे बत्तीस होतील, नववा सरावाला. वीस कार्डांत जातील, बाकीचे बिघडवायला. बिघडवायला कागद आहे हे माहीत असलं की निम्मे बिघडतच नाहीत.

बुडाचं कार्ड असं करायचं : ए-४ कार्डशीट मधोमध कापला की दोन ए-५, आणि प्रत्येक ए-५ मधोमध दुमडला की १०.५ × १४.८ सेंटिमीटरचं कार्ड. त्यावर आपला तुकडा चारी बाजूंनी पाऊण ते एक सेंटिमीटर पांढरी चौकट ठेवून बसतो. दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेननं पट्टीच्या आधारे घडीची रेघ दाबून घ्या. कागद आधी दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेला मुकाट्यानं वाकतो, घडी त्या दिशेला घाला; दुसऱ्या दिशेची घडी फाटल्यासारखी, केसाळ दिसते.

रंगवताना तुकडा चारी बाजूंनी मास्किंग टेपनं पाटीवर किंवा जुन्या एक्झाम पॅडवर चिकटवा. सेलोटेप नको, निघताना कागदाची साल घेऊन निघतो.

४. ओल ओळखा

ज्यांनी लहानपणी आजोळी अंगण सारवलेलं पाहिलं आहे त्यांचं इथलं अर्धं काम झालेलं आहे. सारवल्या सारवल्या अंगण आरशासारखं चकाकतं. मग चकाकी मंद होते. मग ती जाते, पण जमीन गडद आणि गार असते. नेमकं तेव्हाच कुणीतरी पाय ठेवतं आणि ठसा कायमचा राहतो. मग रंग फिकट होतो, तेव्हा खरं वाळलेलं.

कागदाचंही हुबेहूब हेच. तुकडा चपट्या ब्रशनं साध्या पाण्यानं भिजवा आणि मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात आडवा बघा. वरून बघून काही कळत नाही.

तळं साचलेलं दिसतं ती पहिली अवस्था. यात रंग टाकलात तर तो वाट फुटेल तिकडे वाहत जाईल आणि फिका पडेल. पाटी तिरकी करून जादा पाणी कडेला बनियनच्या टोकानं टिपून घ्या.

सगळीकडे सारखी चकाकी आली ती दुसरी. आभाळ, धुकं, मागची धूसर झाडं याच वेळी. रंग टेकवला की मऊ कडेनं पसरतो.

चकाकी विरत चालली, कागद साटिनसारखा दिसायला लागला ती तिसरी. मीठ टाकायची, गडद रंगाचे थेंब सोडायची हीच वेळ, आणि ती फार थोडी असते. यावेळी ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग जास्त हवा.

चकाकी गेली, पण हाताची पाठ लावली तर गार लागतं ती चौथी. यावेळी काही म्हणजे काही करायचं नाही. इथं ओला ब्रश टेकला की ते पाणी अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारख्या काठाचा डाग उमटतो. माझ्या चौदा कार्डांवरचे तपकिरी डाग ते हेच. "जरासं इथं नीट करते" या विचारानं मी नेमकी तेव्हाच प्रत्येकावर परत गेले होते.

गार लागेनासं झालं की पाचवी. आता वरून स्पष्ट कडेची पानं, डहाळ्या काढा.

नागपूरच्या हिवाळी हवेत दुसरीतून चौथीत कागद बघता बघता जातो. यावर तीन उपाय मला लागू पडले. पंखा बंद ठेवायचा. दुपारऐवजी सकाळी लवकर बसायचं. आणि कागद एकदा भिजवून, ते पाणी आत मुरू देऊन, लगेच दुसऱ्यांदा भिजवायचा. ओल जास्त टिकते. चौथी अवस्था लवकर संपवायची असेल तर हेअर ड्रायर चालतो, पण मीठ टाकलेल्या तुकड्यावर नाही.

५. एक ताव नुसत्या पानांचा

कार्डाला हात लावण्याआधी एक पूर्ण ताव पानांनी भरा. ८ नंबरचा ब्रश हिरव्यात बुडवून बशीच्या कडेला एकदा पुसा. टोक कागदाला टेकवा, देठ येऊ द्या. मग ब्रशचं पोट दाबा, तो पसरेल आणि पान रुंद होईल. मग पुढे सरकत हळूहळू उचला, टोक निघेल. टेकवा, दाबा, उचला. एका दमात एक पान. पहिली वीस पानं झुरळांसारखी येतील. तिसाव्याच्या आसपास मनगट सुटतं आणि खांद्यापासून हात चालायला लागतो. ब्रश टोकाशी पकडू नका, मधोमध पकडा. भाकरी थापताना कुणी बोटांच्या टोकांनी थापत नाही, तसंच आहे हे.

पान वाकडं आलं तर त्यावर दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. शेजारी दुसरं काढायचं.

६. तीन चित्रं

पहिल्या वर्षाला ही तीन पुरेत. बर्फ, स्लेज, रेनडिअर मी काढत नाही. आपल्याकडे डिसेंबरात स्वेटर निघतात आणि बाजारात संत्री येतात, तेवढं चित्राला भरपूर आहे.

संत्र्याचं गोल तोरण. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत नागपुरात ढिगानं असतात. तिकडच्या नाताळातही संत्र्याला मान आहेच. मुलांच्या मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवायची जुनी रीत इंग्लंड-अमेरिकेत आहे, आणि वाळवलेल्या चकत्या झाडाला टांगतात. म्हणजे उसनं काही आणावं लागत नाही.

छोटी वाटी उपडी ठेवून पेन्सिलनं अगदी फिका गोल काढा. आधी संत्री : गोलावर तीन, एकत्र घोळक्यानं, समान अंतरावर नाही. कोरड्या कागदावर पाणीदार पिवळ्यानं गोल भरा, एका बाजूला तांदळाएवढी जागा पांढरी सोडा. पिवळा चकाकत असतानाच खालच्या अंगाला नारिंगीचा एक थेंब टेकवा आणि हात मागे घ्या. नारिंगी आपोआप पिवळ्यात चढत जाते आणि संत्रं गोल दिसायला लागतं. हे बघत बसणं हाच या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा आनंद आहे असं माझं मत. तिथं ब्रशनं मदत करायला गेलात की गेलं.

संत्री पूर्ण वाळली की पानं. सॅप ग्रीनचे दोन वाटे करा, एकात थोडा पिवळा, दुसऱ्यात थोडा अल्ट्रामरीन. पिवळसर पानं आधी, मग त्यांच्यामधून गडद. सगळी एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यासारखी वळत जाऊ द्या. गोलाचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. तिथं नुसती एक बारीक डहाळी पुरे. पूर्ण भरलेलं तोरण सायकलच्या टायरसारखं दिसतं. शेवटी २ नंबरच्या ब्रशनं क्रिमसनचे पाच-सहा लाल दाणे.

इथं एक सापळा आहे आणि त्यात मी सगळ्यात जास्त वेळा पडले. नाताळचे दोन्ही मुख्य रंग, लाल आणि हिरवा, एकमेकांचे विरोधी आहेत. शेजारी ठेवले तर दोघंही उठून दिसतात. ओले असताना भेटले की चिखल. म्हणून लाल दाण्याभोवती केसाएवढी कोरडी पांढरी रेघ सोडा, नाहीतर एक पूर्ण वाळल्यावर दुसरा लावा. आणि मधे मधे ब्रश धुवायच्या पाण्याकडे बघत जा. ते चहासारखं झालं की बदला.

चांदणीची रात्र. मास्किंग टेपचा तुकडा काचेवर चिकटवून त्यातून कटरनं पाच टोकांची चांदणी कापा, कागदावर वरच्या तिसऱ्या भागात बसवा आणि कडा नखानं दाबा. पांढऱ्या मेणबत्तीच्या कडेनं चांदणीपासून खाली दोन-तीन किरण ओढा. काही दिसणार नाही, तसंच असतं. मेणावर पाणी धरत नाही, म्हणून रंग टाकला की ते किरण पांढरे उमटतात. मेण नंतर निघत नाही, तेव्हा आधीच ठरवून ओढा.

आता कागद भिजवा. चकाकी सारखी झाली की वरून खाली अल्ट्रामरीन, वर गडद, खाली येता येता फिका. क्षितिजाशी पिवळ्याचा किंचित हात. वरच्या कोपऱ्यांत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला काळोख सोडा. ट्यूबमधला काळा वापरू नका, तो रात्र मारून टाकतो. या दोघांच्या मिश्रणातला काळा श्वास घेतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आभाळाला रवाळ पोत येतो. दाणेदार कागद घ्या म्हटलं होतं ते यासाठीही.

चकाकी विरू लागली की खड्या मिठाचे दहा-बारा खडे दूर दूर टाका. मूठभर नाही, ही फोडणी नव्हे. प्रत्येक खडा भोवतीचं पाणी ओढतो आणि फिकट चांदणं उमटतं. मग उठून जा. खरंच उठून जा, चहा करा. पूर्ण वाळल्यावरच मीठ हातानं झाडा, आणि नीट झाडा. राहिलेले कण पावसाळ्यात ओल धरतात.

वाळलेल्या आभाळाखाली गडद मिश्रणानं घरांच्या सावल्या काढा. मी आमच्याच गल्लीची काढते : गच्चीवरच्या टाक्या, एक कडुनिंब, खिडकीबाहेर प्लास्टिकनं झाकून ठेवलेला कूलर. समोरच्या काकूंनी तो कूलर बरोबर ओळखला आणि कार्ड वर्षभर फ्रिजवर लावून ठेवलं. देवघरासारखं शांत कार्ड हवं असेल तर घरांऐवजी गव्हाणीची सावली काढा : दोन खांब, उतरतं छप्पर, खाली गवत. मराठी बायबलातही बाळ येशू गव्हाणीतच निजवलेला आहे, आणि गव्हाण कशी दिसते हे आपल्याला कुणी सांगायला नको. माणसं काढू नका, पहिल्या वर्षी तरी नको.

चांदणीचा टेप काढताना ड्रायरनं जरा गरम करा आणि कागदाला लागून, आडवा ओढत काढा. वर ओढलात की साल निघते.

लालपत्ती. कुंडीत डिसेंबरात लाल होणारी पॉइन्सेटिया. तिच्या लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, पानंच आहेत; फुलं म्हणजे मधले पिवळे दाणे. हे कळलं की चित्र सोपं होतं, कारण पानं तुम्ही ताव भरून काढलेली आहेत. पाच मोठी क्रिमसनची, मधून तीन छोटी, वाळू द्या, खाली दोन हिरवी, मधे पिवळे ठिपके. झालं.

तिन्हींवर शेवटचा हात म्हणून टूथब्रश पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये बुडवून अंगठ्यानं शिंतोडे उडवा. रंग दुधाच्या सायीइतका दाट हवा. आधी वर्तमानपत्रावर उडवून बघा. चष्मा काढून ठेवा.

७. अक्षरं

देवनागरी ब्रशनं लिहायची तर शिरोरेघ शेवटी द्या. आधी रेघ ओढून त्याला अक्षरं टांगली की ओळ हमखास खाली घसरते. "नाताळच्या हार्दिक शुभेच्छा" एवढं ९ सेंटिमीटरमध्ये मावत नाही. दोन ओळी करा, नाहीतर पुढे नुसतं "नाताळ" आणि आत बाकीचं. पेनानं लिहिणार असाल तर चित्राच्या पाणी लागलेल्या भागावर लिहू नका, तिथली खळ हललेली असते आणि शाई फुटते. आतल्या बाजूला साधं बॉलपेन सगळ्यात भरवशाचं.

आत दोन ओळी स्वतःच्या लिहा. छापील नाताळ कार्डाचा जन्मच मुळी लिहायचा कंटाळा आल्यातून झाला. लंडनच्या हेन्री कोल यांना १८४३ साली इतक्या पत्रांची उत्तरं द्यायची होती की त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजारएक कार्डं छापली. उरलेली एकेक शिलिंगला विकायला काढली. मजा अशी की त्या छापील कार्डांतही रंग हातानंच भरलेले होते.

८. सपाट करणं आणि चिकटवणं

टेप काढल्यावर तुकडा थोडा वळलेला असेल. पालथा घालून पाठीला ओलसर बनियन हलकेच फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर जाड पुस्तकं रचा आणि रात्रभर विसरा. वर्तमानपत्रात दाबू नका, शाई उतरते. उन्हात तर ठेवूच नका. आणखी वळतो, आणि स्वस्त क्रिमसन उन्हानं उडतोही.

चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप वापरा. फेव्हिकॉल पाणीदार असतो, त्यानं सपाट केलेला कागद परत फुगतो. रात्रभर दाबून मिळवलेलं मी असं एकदा दहा मिनिटांत घालवलं.

९. पोस्ट

पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. हिशोब करून बघा : २५० जीएसएमचा ए-५ कार्डशीट पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, त्यावरचा ३०० जीएसएमचा तुकडा साडेतीन. सव्वाअकरा झाले, साधं पाकीट धरूनही २० च्या आत राहता. ए-४ दुमडून मोठं कार्ड केलंत तर दोन्ही कागद दुप्पट होतात आणि टप्पा ओलांडता. मग कमी तिकिटाचा दंड ज्याला कार्ड मिळतं त्याच्याकडून वसूल होतो. शुभेच्छा देऊन वर पैसे भरायला लावणं बरं दिसत नाही. एक तयार कार्ड पाकिटासह खिडकीवर वजन करून घ्या आणि त्याप्रमाणे सगळ्यांना तिकिटं लावा.

मणी, बटणं, दालचिनीचा तुकडा असलं काही वर चिकटवलं असेल तर ते कार्ड हातानं द्या. शिक्क्याच्या दणक्यात ते टिकत नाही. पत्ता बॉलपेननं लिहा. जलरंगात मनगट सुटलं म्हणून पत्ताही ब्रशनं लिहायचा मोह होतो. माझ्या आत्याचं अमरावतीचं कार्ड असं पुसट पत्त्यानं फिरून फेब्रुवारीत पोचलं.

१०. बिघडलेले बारा

बत्तिसातले दहा-बारा तुकडे बिघडणारच. फेकू नका. वाईट तुकड्यातही दोन बोटांएवढा भाग झकास उतरलेला असतो, कारण तिथं आपण ढवळाढवळ केलेली नसते. पोस्टकार्डातून तीन × पाच सेंटिमीटरची खिडकी कापा, ती तुकड्यावर सरकवत बघा, चांगली जागा सापडली की पेन्सिलनं आखून कापा. वर पंचनं भोक पाडा आणि सुतळी ओवा. करंज्यांच्या डब्याला एक, संत्र्यांच्या पिशवीला एक.